जनावराला शेवटची सुई देताना या चुका टाळा

दयामरणाचा निर्णय झाला की सगळ्यांनाच घाई सुटते. मालकाला बघवत नाही, सफाई कर्मचाऱ्याला गाडी परत न्यायची असते, आणि नुकताच पदवी घेऊन आलेला डॉक्टर आपला थरथरणारा हात कुणाला दिसायच्या आत काम उरकू बघतो. मराठवाड्यातल्या नगरपालिकांच्या श्वान निर्बीजीकरण केंद्रांवर आणि तालुक्याच्या दवाखान्यांत नव्या मुलांना शिकवायला जातो, तेव्हा त्याच त्या चुका दिसतात. बहुतेक चुका सुईच्या आधीच्या अर्ध्या तासातल्या नाहीतर नंतरच्या अर्ध्या तासातल्या असतात.

शुद्धीवर असलेल्या जनावराला मॅग्नेशियम सल्फेट देणे

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. एका केंद्रावर ट्रकच्या धडकेत कंबर मोडलेली कुत्री आणली होती. मागचे दोन्ही पाय निर्जीव, लघवीवर ताबा नाही, जखमेत अळ्या. निर्णय योग्यच होता. पण थायोपेन्टोन, म्हणजे शिरेतून देऊन आधी बेशुद्ध करणारं दयामरणाचं औषध, संपलेलं, आणि टेबलावर दुधाळ पाण्याने भरलेली मोठी सिरिंज. मदतनिसाने कृषी सेवा केंद्रातून मॅग्नेशियम सल्फेट आणून विरघळवलं होतं, पिकावर फवारतात तेच.

"मामा, सुई खाली ठेवा आधी," मी म्हणालो.

"सर, आमच्याकडं असंच करत्यात. दोन मिन्टांत गप होतंय."

"गप झाल्यावर डोळे बघितलेत कधी?"

तो जरा थांबला. "डोळे फिरत्यात थोडा वेळ."

त्या फिरणाऱ्या डोळ्यांतच सगळं आलं. मॅग्नेशियमने आधी स्नायू लुळे पडतात. छाती हलत नाही, ओरडता येत नाही, पाय झाडता येत नाहीत, पण मेंदू जागा असतो. बाहेरून शांत दिसणारं जनावर आतून गुदमरत असतं. सक्सिनिलकोलीनसारख्या स्नायू लुळे करणाऱ्या औषधांचंही तेच. पोटॅशियम क्लोराईड शुद्धीवर दिलं तर हृदय बंद पडायच्या आधी प्रचंड वेदना होतात. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शिकेत ही औषधं शुद्धीवरच्या जनावरासाठी स्पष्ट नाकारलेली आहेत. आपल्याकडचा 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा तर कलम 11 मध्ये हृदयात स्ट्रिकनीन हे विष टोचण्याचं नाव घेऊन सांगतो, आणि त्याच ओळीत इतर कुठल्याही विनाकारण क्रूर पद्धतीने मारणं गुन्ह्यात धरतो. "औषध संपलं होतं" हे त्यावर उत्तर होत नाही. साठा संपला असेल तर जनावराला वेदनाशामक आणि गुंगी देऊन ठेवा, औषध मागवा, तोवर थांबा. त्या दिवशी आम्ही तेच केलं. झायलाझिन-केटामिन ही गुंगीची औषधं दिल्यावर कुत्री पोत्यावर मान टाकून झोपली, आणि शेजारच्या तालुक्यातून थायोपेन्टोन येईपर्यंत तिला कशाचाही पत्ता नव्हता.

माझी सवय ठरलेली आहे. आधी स्नायूत गुंगीचं इंजेक्शन, मग पंधरा मिनिटं जनावराला कमी उजेडात एकटं सोडायचं. कुणी हात लावायचा नाही, कुणी "झालं का?" विचारायचं नाही. नंतर पुढच्या पायाचे केस कापून कॅथेटर, म्हणजे शिरेत राहणारी बारीक नळी, बसवायचं आणि थोडं सलाईन ढकलून ते शिरेतच आहे याची खात्री करायची. थायोपेन्टोन शिरेबाहेर गेलं तर भयंकर आग होते. आमच्याकडे मे महिन्यात पाण्यावाचून सुकलेल्या कुत्र्याची शीर बोटाला लागता लागत नाही. तेव्हा गरम पाण्यात पिळलेलं फडकं पायावर ठेवा, नाहीतर मागच्या पायाची शीर बघा. कॅथेटरला वेळ जातो म्हणून थेट सुई मारणारे चार-चार वेळा टोचतात आणि शेवटी जास्तच वेळ घालवतात. या घाईला मी तरी कौशल्य म्हणणार नाही.

निर्णय कुणाचा, हे न बघणे

"लोकांची तक्रार आहे" हे दयामरणाचं कारण नव्हे. भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू आहेत: बरा न होणारा आजार किंवा प्राणघातक जखम असली पाहिजे, आणि ते स्थानिक देखरेख समितीने नेमलेल्या पथकाने ठरवलं पाहिजे. सुई द्यायची ती नोंदणीकृत पशुवैद्यकाने. केंद्रावर वर्षानुवर्षं काम केलेल्या मदतनिसाचा हात डॉक्टरपेक्षा सफाईदार असतो हे मान्य, पण ते काम त्याचं नाही.

ऊसतोडीच्या हंगामात वेगळाच प्रसंग येतो. रात्री रस्त्यावर बैलाचा पाय मोडतो, गाडीवान घाबरून निघून जातो, आणि जमलेले लोक डॉक्टरला म्हणतात, "साहेब, सोडवा त्याला." मालक हजर नसेल किंवा संमती देत नसेल, तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 13 ची वाट धरावी लागते. कॉन्स्टेबलच्या वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी भागाच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलावतो, अधिकारी जनावराला जगवणं क्रूरपणाचं आहे असं प्रमाणपत्र देतो, मग दंडाधिकाऱ्यांचा आदेश घेतला जातो. गोवंश असेल तर कागद नसताना सुईला हात लावू नका. कागद होईपर्यंत वेदनाशामक द्यायला मात्र कुणाचीच परवानगी लागत नाही, आणि नेमकं तेच द्यायचं राहून जातं. बैल दोन तास रस्त्यात तडफडतो आणि सगळे सहीची वाट बघत उभे असतात. हे मला सहन होत नाही. गाडीत मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक कायम ठेवा.

दुसऱ्या कुत्र्यांच्या समोर करणे

2023 च्या त्याच नियमांत सरळ मनाई आहे, तरी पिंजऱ्यांच्या रांगेसमोर टेबल मांडलेलं दिसतं. वेगळी खोली हवी. छोटी चालेल, पण दार बंद होणारी, फरशीवर रबरी चटई असलेली आणि नळ-मोरी असलेली. एकाचं झालं की दुसऱ्याला आत आणायच्या आधी फरशी धुवा. भ्यालेल्या कुत्र्याचा वास पुढच्याला लगेच कळतो.

श्वास थांबला म्हणजे झालं असं समजणे

श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. शीर फुटून अर्धंच औषध गेलेलं असेल तर थांबलेला श्वास परतही येतो. जनावर मेल्याची खात्री करूनच विल्हेवाट लावायची, हेही नियमातच आहे. स्टेथोस्कोप छातीवर सलग पाच मिनिटं धरा, घड्याळ बघून. बुबुळाला ओल्या कापसाचं टोक लावा, पापणी हलता कामा नये. बाहुली मोठी आणि स्थिर हवी. मग वेळ लिहून ठेवा आणि वीस मिनिटांनी हे सगळं पुन्हा करा. गाडीवाला हॉर्न वाजवत असेल तर वाजवू द्या.

वजन न करता अंदाजाने औषध भरणे

वजनकाटा घ्या. अंदाज चुकतोच.

चावणारं कुत्रं लगेच मारून टाकणे

रेबीजचा दाट संशय असलेल्या कुत्र्याला नियमाप्रमाणे नैसर्गिक मृत्यू येईपर्यंत वेगळं ठेवायचं असतं. चावणारं कुत्रं दहा दिवसांनंतरही धडधाकट असेल तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता हे कळतं. ते मारून पुरून टाकलं की ही माहितीही गेली. चावा झालेल्या माणसाने मात्र दहा दिवसांची वाट न बघता त्याच दिवशी लस सुरू करायची.

मेलेलं जनावर उघड्यावर टाकणे

यावर मी दरवेळी भांडतो. एका खासगी दवाखान्यात म्हाताऱ्या पाळीव कुत्र्याला अगदी नीट, बार्बिट्युरेट गटातलं (थायोपेन्टोन याच गटातलं) औषध देऊन शांत मरण दिलं गेलं. मालकाने विल्हेवाटीचे पैसेही दिले. ज्याच्याकडे काम सोपवलं त्याने पोतं गावाबाहेर ओढ्याच्या काठाला टाकलं. दुसऱ्या दिवशी तिथेच मेंढ्या बसवलेल्या धनगराचा फोन आला, "डागदर, माझ्या कुत्र्याला कुणीतरी ईख घातलंय." गेलो तर कुत्रं आडवं, अंग गार, श्वास अगदी हळू, चिमटा काढला तरी हालचाल नाही. फाटलेल्या पोत्याजवळ दोन कावळे मरून पडले होते. विष कुणी घातलं नव्हतं. औषध मेलेल्या कुत्र्याच्या मांसात होतं आणि ते याने खाल्लं होतं. घोंगडीत गुंडाळून, सलाईन लावून दिवसभर ऊब दिली, तेव्हा संध्याकाळी त्याने मान उचलली. मेंढपाळाचं कुत्रं गेलं असतं तर त्या रात्री लांडग्यापासून कळप कुणी राखला असता?

शरीर कुजलं तरी हे औषध बराच काळ टिकतं. कुत्री, कावळे, घारी, गिधाडं, जे खाईल ते सापडतं. गिधाडांपायी देशात 2006 मध्ये जनावरांच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली, ती अशीच मढ्यातल्या औषधामुळे.

म्हणून खड्डा सुई देण्याआधी खणून तयार पाहिजे. किमान सहा फूट खोल, विहीर-ओढ्यापासून लांब. आपल्या काळ्या रानात उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात आणि पहिल्या पावसात भर खचते, त्यामुळे कुत्र्यांना उकरायला फार कष्ट पडत नाहीत. जमलं तर मुरमाड जागा निवडा. खाली-वर चुना, माती दाबून वर उंचवटा, त्यावर दगड आणि बाभळीच्या काट्या. माती पडेपर्यंत डॉक्टरने तिथे थांबावं. मी थांबतो.

घोडा-गाढवांमध्ये ग्लँडर्स हा संसर्गजन्य रोग निश्चित झाला तर हे नियम आणखी कडक होतात. तो माणसालाही होतो. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत घोड्यांची एवढी खरेदी-विक्री होते, तिथून आणलेल्या जनावराच्या नाकातून चिकट स्राव आणि अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर घरच्या घरी काही करू नका. त्याला वेगळं बांधा आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. पुढचं सगळं 2009 च्या सांसर्गिक रोग कायद्याप्रमाणे होतं.

मालकाला आधी न सांगणे

मेल्यावर डोळे उघडेच राहतात, लघवी होते, एखादा उसासा येतो, कातडी थरथरते. हे आधी सांगितलं नाही तर मालक ओरडतो, "अहो, जिवंत आहे अजून!" आणि ते त्याच्या मनातून जन्मभर जात नाही. संमतीपत्रावर सही घेताना खाली बसून सांगा. थांबायचं की बाहेर जायचं हे त्याला ठरवू द्या. लेकरं असतील तर त्यांना "झोपलंय" असं सांगू नका, रात्री ती झोपायला घाबरतात.

नोंद संध्याकाळवर ढकलणे

केटामिन शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कायद्याने कडक नियंत्रण ठेवलेल्या यादीतलं औषध आहे. कपाटाला कुलूप, किल्ली डॉक्टरकडे, आणि किती काढलं, किती वापरलं, किती उरलं हे टेबल सोडायच्या आधी वहीत. त्याच पानावर जनावराचं वजन, कारण, मृत्यूची खात्री केल्याच्या दोन्ही वेळा, आणि खड्डा कुठे व किती खोल हेही लिहा.