दर्शनी भिंतीवर टेक्स्चर, आणि पीडीएफमधली नक्षी मापात कशी उतरवावी

बेळगाव जिल्ह्यात खानापूर भागातल्या कणकुंबी-जांबोटीकडचा मुसळधार पाऊस वेगळा आणि अथणीचा तुरळक पाऊस वेगळा. त्यामुळे अथणीच्या बंगल्यावर टिकलेलं टेक्स्चर (भिंतीवरचा जाड, खडबडीत शोभेचा थर) खानापूर भागात टिकेलच असं नाही. टेक्स्चर उतरतं ते बहुतेक वेळा मालामुळे नाही, भिंतीतल्या ओलीमुळे. चिरा (जांभा दगड) पाणी पितो, गिलाव्याची बारीक भेग ते आत घेते, आणि वर ॲक्रिलिकचा जाड थर बसला की आतली ओल सुकायला वाट उरत नाही. मग फुगे येतात.

म्हणून आधी ओल तपासा. दीड फूट लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक दिवस तसाच ठेवा. आतल्या बाजूला थेंब धरले किंवा खालचा गिलावा काळपट दिसला तर काम पुढे ढकला. पॅरापेटचा माथा, छज्ज्याची कड, पाइपचा जोड यांपैकी पाणी कुठून येतंय ते शोधून ते आधी बंद करा. लोणा (भिंतीवर फुटणारा पांढरा खार) आला असेल तर कोरड्या तारेच्या ब्रशने खरवडून झाडून टाका. धुऊ नका, कारण खार पाण्यात विरघळून पुन्हा भिंतीत जातो. नवा गिलावा किमान 28 दिवस मुरू द्या. उघड्या चिऱ्यावर थेट टेक्स्चर मारू नये. चिऱ्याची भिंत चांगली असेल तर ती तशीच ठेवावी, असं आमचं स्पष्ट मत.

कामाला दिवाळीनंतरचे महिने उत्तम. एप्रिल-मेमध्ये करायचं तर सकाळीच उरका. दुपारनंतर वळीव आला की ओला थर ओघळून जातो.

आता पीडीएफ. मालाची माहिती देणारी डेटा शीट कंपनीच्या साइटवर मिळते. ती उघडून ‘कव्हरेज’ शोधा. संगणकावर कंट्रोल आणि एफ ही बटणं एकत्र दाबायची. डोळ्यांना दिसणारा शब्दही सापडत नसेल तर ती फाइल म्हणजे स्कॅन केलेला फोटो आहे. गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की त्यातला मजकूर वेगळा होतो. आकडे मात्र मूळ पानाशी ताडून पाहा, 3 चा 8 सहज होतो. शेड मात्र पडद्यावर पाहून ठरवू नका, मोबाइलचा डार्क मोड आणि ब्राइटनेस रंगच बदलून टाकतात. खरं शेडकार्ड उन्हात धरून बघा.

हिशेब असा. 10 बाय 12 फुटांची भिंत म्हणजे 120 चौरस फूट, साधारण 11.15 चौरस मीटर. डेटा शीटमध्ये चौरस मीटरला 3 किलो लिहिलं असेल तर 33.5 किलो लागेल, वाया जाणारं धरून 36 किलो घ्या. सगळे डबे एकाच बॅच नंबरचे असू द्यात, नाहीतर भिंतीवर पट्टा दिसतो.

मधे नक्षी किंवा घराचं नाव उठवायचं असेल तर स्टेन्सिलची पीडीएफ छापावी लागते, आणि गडबड इथेच होते. साधी प्रिंट दिली की व्ह्यूअर ‘फिट’ धरून चित्र एका पानात कोंबतो. ॲडोबी रीडरमध्ये प्रिंटच्या खिडकीत ‘पोस्टर’ निवडा, टाइल स्केल 100 टक्के, ओव्हरलॅप 1 सेंमी, आणि कट मार्क्सवर खूण करा. 60 बाय 90 सेंमीची नक्षी ए-4 च्या 15-16 कागदांवर येते. सगळं छापण्याआधी एकच पान काढून त्यावरची माहीत असलेली रेघ पट्टीने मोजा. 10 सेंमीची रेघ 9.6 भरली तर स्केल कुठेतरी बदललंय.

मराठी किंवा कन्नड अक्षरांच्या जागी चौकोन दिसले, मात्रा सुटल्या, तर फॉन्ट फाइलमध्ये बसवलेला नाही. फाइल पाठवणाऱ्याकडून फॉन्टसकट पीडीएफ मागा. पडद्यावर अक्षर बरोबर आणि कागदावर मोडलेलं असेल तर प्रिंटच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट ॲज इमेज’ लावा. फ्लेक्सवाल्याकडे प्लॉटरवर कापून घ्यायचं असेल तर आधी 800 टक्के झूम करा. कड धारदार राहिली तर फाइल व्हेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघांनी बनलेली आहे. चौकोनी ठिपके दिसले तर प्लॉटरला ती आहे तशी चालणार नाही.

भिंतीवर क्रम असा: एक्स्टिरिअर प्रायमर, तो सुकल्यावर नक्षीची चौकट टेपने आखणे, बाहेरच्या भागात रस्टिक (दाणेदार टेक्स्चर). माल थापीने दाण्याच्याच जाडीत ओढा आणि ओला असतानाच प्लास्टिक फ्लोट एका दिशेने फिरवा. दाणा घरंगळून चर पाडतो, तीच त्याची शोभा. गौंड्याला माल जड वाटतो म्हणून तो पाणी घालतो. पाणी जास्त झालं की दाणा खाली सरकतो आणि सुकताना भेगा पडतात. भिंत अर्ध्यावर सोडू नका, थांबायचं तर कोपऱ्यावर. मोठ्या भिंतीला एक लावणारा आणि एक फिरवणारा हवाच. टेप माल ओला असतानाच काढा, सुकल्यावर काढला तर कड तुटते.

दुसऱ्या दिवशी चौकटीत स्टेन्सिल टेपने बसवा, पत्र्याने (पुट्टी लावायच्या पट्टीने) 2-3 मिमी टेक्स्चर पेस्ट भरा आणि स्टेन्सिल सरळ समोर ओढा, बाजूला नको. ‘ठ’, ‘ब’ यांच्या आतल्या पोकळीला जोडपट्टी ठेवली नसेल तर तो तुकडा गळून पडतो. पट्टीची फट नंतर छोट्या पत्र्याने भरता येते. पूर्ण सुकल्यावर एक्स्टिरिअर इमल्शनचे दोन हात द्या. जमिनीलगतचं सहा इंच टेक्स्चरविना सोडा, पागोळ्यांचे चिखलाचे शिंतोडे चरांत बसले की ब्रशनेही निघत नाहीत.