फ्रेजल व्हर्ब शिकताना आधी छोट्या शब्दाकडे बघा

'पुट' म्हणजे ठेवणे, हे इंग्रजीची नुकती ओळख झालेल्या मुलालाही ठाऊक असतं. 'ऑफ'ही काही परका शब्द नाही. पण 'दे पुट ऑफ द मीटिंग' असं वाक्य समोर आलं की त्यात ठेवणं कुठे गेलं आणि मीटिंग पुढे कशी ढकलली गेली, ते समजेनासं होतं. 'पुट ऑन' म्हणजे अंगात घालणं, 'पुट आउट' म्हणजे आग विझवणं, 'पुट अप विथ' म्हणजे सोसणं. क्रियापद तेच, मागचा शब्द बदलला की अर्थ पार फिरतो. अशा जोड्यांना फ्रेजल व्हर्ब म्हणतात. त्या अवघड वाटत असतील तर त्यात कमीपणा काहीच नाही. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवून ठेवलं होतं, की क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परभाषिकांना सर्वांत जड जाते.

आपल्याकडे बहुतेक जण याद्या पाठ करतात. त्या क्रियापदांप्रमाणे लावलेल्या असतात: 'गेट'खाली एक लांबलचक रांग, मग 'टेक', मग 'टर्न'. दोन दिवसांत सगळ्याची खिचडी होते. माझं आग्रहाचं सांगणं आहे की यादी उलटी धरा. क्रियापद बाजूला ठेवा आणि मागच्या छोट्या शब्दाचा स्वभाव ओळखा.

पहिली पायरी: मराठीतली सवय आठवा. 'खा' आणि 'खाऊन टाक' यांत फरक आहे. 'लिही', 'लिहून ठेव' आणि 'लिहून काढ' या तिन्ही गोष्टी वेगळ्या. 'खाऊन टाक' म्हणताना आपण काही फेकत नाही. काम पुरं करायला सांगतो. इंग्रजीत हेच काम 'अप', 'डाउन', 'आउट' असे शब्द करतात. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक, 'टेअर अप' म्हणजे फाडून टाक, 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणं. इथे 'अप'चा अर्थ 'वर' असा लावत बसलात तर हाती काही लागणार नाही. 'राइट डाउन' म्हणजे लिहून ठेव. आपण हे दिवसभर नकळत करत असतो, म्हणून इंग्रजीतही ते आपल्याला जमण्यासारखं आहे.

दुसरी पायरी: एका वेळी एकच छोटा शब्द घ्या. सुरुवात 'ऑफ'पासून करा, कारण त्याचा स्वभाव चटकन दिसतो. 'ऑफ' म्हणजे चिकटलेलं सुटणं. 'द बटन केम ऑफ' – बटण तुटलं. 'द पेंट केम ऑफ' – रंग उडाला. 'द प्लेन टुक ऑफ' – विमान जमिनीपासून सुटलं. 'टेक ऑफ युअर शूज' – बूट काढ. 'सेट ऑफ' म्हणजे प्रवासाला निघणं आणि 'सी ऑफ' म्हणजे निघालेल्याला निरोप द्यायला जाणं. 'वेअर ऑफ' म्हणजे औषधाचा अंमल उतरणं. 'पे ऑफ द लोन' म्हणजे कर्ज फेडून त्यातून मोकळं होणं. आता पुन्हा 'पुट ऑफ'कडे या. मीटिंग तिच्या ठरलेल्या वेळेपासून सुटली आणि पुढे गेली. 'कॉल ऑफ'मध्ये ती कायमचीच सुटली, म्हणजे रद्द झाली. एवढं उमगलं की 'ड्रॉप ऑफ' आणि 'कट ऑफ' यांचे अर्थ कोशाआधी स्वतःच लावून बघा.

'ऑन'मध्ये पुष्कळदा चालू राहणं असतं: 'कॅरी ऑन', 'कीप ऑन', 'गो ऑन'. 'डाउन'मध्ये कमी होणं: 'स्लो डाउन', 'काम डाउन'. गाडी बंद पडली तरी 'ब्रोक डाउन'. काही जोड्या मात्र कुठल्याच नियमात बसत नाहीत. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणं किंवा हार मानणं, 'टर्न अप' म्हणजे उगवणं, हजर होणं. त्या अखंड पाठ करा. ओढूनताणून कारण शोधू नका.

तिसरी पायरी: 'इट' घालून बघा. ही कसोटी मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण बोलताना चूक नेमकी इथेच होते. 'टर्न ऑफ द लाइट' बरोबर, 'टर्न द लाइट ऑफ' हेही बरोबर. पण दिव्याऐवजी 'इट' म्हणायचं असेल तर 'टर्न इट ऑफ' एवढंच चालतं. 'टर्न ऑफ इट' चुकीचं. उलट 'लुक आफ्टर' (सांभाळणं) मध्ये जोडी फुटतच नाही: 'लुक आफ्टर द बेबी', 'लुक आफ्टर हर'. 'लुक हर आफ्टर' कोणी म्हणणार नाही. पहिल्या प्रकारात छोटा शब्द क्रियापदाचा सोबती असतो, दुसऱ्यात तो पुढच्या नामाला धरून असतो. कानालाही हा फरक कळतो: 'टर्न इट ऑफ' म्हणताना जोर 'ऑफ'वर येतो, 'लुक ॲट इट' म्हणताना 'लुक'वर. मोठ्याने चार वेळा म्हणून बघा. कर्म लांबलचक असेल, उदाहरणार्थ मागच्या खोलीतला दिवा, तर जोडी फोडू नका. 'टर्न ऑफ'नंतर सगळं एकत्र येऊ द्या.

चौथी पायरी: प्रश्नात शेपूट कापू नका. 'काय शोधतोस?' याचं इंग्रजी 'व्हॉट आर यू लुकिंग फॉर?' असं होतं. शेवटचा 'फॉर' गाळला की वाक्य अर्धवट राहतं. 'काय बघतोस?' असेल तर शेवटी 'ॲट' येईल. मराठीत हा फरक क्रियापदातच असतो, म्हणून शेवटचा शब्द आपल्याला फालतू वाटतो. तो फालतू नाही. अर्थ तोच सांगतो.

पाचवी पायरी: तीन शब्दांच्या जोड्या जपून वापरा. 'रन आउट ऑफ' म्हणजे एखादी गोष्ट संपणं, 'गेट अलाँग विथ' म्हणजे कोणाशी पटणं. 'लुक फॉरवर्ड टू', म्हणजे आतुरतेने वाट बघणं, मात्र फसवतो. त्यातला 'टू' पाहून आपण पुढे साधं क्रियापद ठेवतो. तिथे 'मीट' नाही, 'मीटिंग' यायला हवं: 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू'. दुसरी सर्रास ऐकू येणारी चूक 'कोप अप विथ'. त्यात 'अप' नाही. नुसतं 'कोप विथ', म्हणजे निभावून नेणं. 'डिस्कस अबाउट'मधला 'अबाउट'ही काढून टाका.

सहावी पायरी: आपलं एक क्रियापद घ्या आणि त्याची फोड करा. 'बंद करणे' घ्या. दार बंद करायचं तर 'शट' किंवा 'क्लोज'. दिवा किंवा पंखा 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ'. नुसतं 'ऑफ द लाइट' म्हणू नका, 'ऑफ' इथे एकटा क्रियापदाचं काम करत नाही. संगणक 'शट डाउन'. धंदा कायमचा बंद केला तर 'क्लोज डाउन'. सिगारेट ओढणं बंद केलं तर 'गिव्ह अप'. फोन आपण ठेवतो, इंग्रजीत तो 'हँग अप' होतो. वाहनात 'बसणे' आणि त्यातून 'उतरणे' यांचंही असंच. बस, रेल्वे, विमान यांत 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ', मोटारीत 'गेट इन' आणि 'गेट आउट ऑफ'. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं तिथे बहुधा 'ऑन'. घोडा आणि सायकल यांनाही 'ऑन'च.

सातवी पायरी: वही छोट्या शब्दांप्रमाणे लावा. एक पान 'ऑफ'चं, एक 'अप'चं, एक 'आउट'चं. नुसती जोडी लिहू नका, कर्मासकट पूर्ण वाक्य लिहा, आणि जमेल तिथे 'इट' घालून दुसरं वाक्यही लिहा. शेजारी बोलीतलं मराठी असू द्या: 'पोस्टपोन करणे' नको, 'पुढे ढकलणे' हवं. औपचारिक अर्जात 'पोस्टपोन' आणि 'कॅन्सल' शोभतात, बोलताना 'पुट ऑफ' आणि 'कॉल ऑफ' सहज वाटतात; तेही त्याच ओळीत नोंदवा. आठवडाभराने छोट्या शब्दांवर बोट ठेवून वाक्यं वाचा. जिथे अडाल त्या वाक्यापुढे खूण करा आणि दुसऱ्या दिवशी फक्त खुणेची वाक्यं म्हणा.