पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग: नावातल्या फरकामुळे अडकलेला अर्ज कसा सुटला

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, पुण्यात स्टाफ नर्स. जीएनएमनंतरच्या दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक पदवीचा अर्ज कागदपत्र तपासणीत परत यायचा: आधारवर सासरचं नाव, नर्सची नोंदणी ठेवणाऱ्या नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर माहेरचं. नोटरीचं प्रतिज्ञापत्र चाललं नाही. नाइट संपवून रांगेत उभं राहायचं आणि तेच उत्तर. जीव मेटाकुटीला आला.

शेवटी या क्रमाने जमलं. आधी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून विवाह नोंदणीचा दाखला. त्यावर राजपत्रात (सरकारी गॅझेटमध्ये) नावबदलाचा ऑनलाइन अर्ज. जुनं नाव दहावीच्या सनदेवर आहे तसंच, वेलांटीसकट. राजपत्राची प्रत घेऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत नाव बदललं. ते प्रमाणपत्र हाती आल्यावरच प्रवेश अर्ज भरला. मार्कशीट जुन्याच नावाच्या राहतात, त्यांना राजपत्राची प्रत जोडली. कोर्स पूर्णवेळ आहे, म्हणून अभ्यास रजेचं मेट्रनबाईंशी (हॉस्पिटलच्या नर्सिंग प्रमुखांशी) आधीच बोलून ठेवा.