फरसबीची भाजी खाकी पडायची, त्यावरचा उपाय (माझा अनुभव)

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोवळी फरसबी मिळते, मोडली की कट्‌कन आवाज करणारी. पण झाकण ठेवून शिजवली की तीच खाकी आणि लिबलिबीत व्हायची. शिजताना शेंगेतली आम्लं सुटतात, झाकणाखाली कोंडतात आणि हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम हुसकून लावतात. रंग जातो तो त्यामुळे.

आता मी भरपूर पाणी खळखळ उकळते, मीठ टाकते आणि शेंगा झाकण न ठेवता 4-5 मिनिटं शिजवते. लगेच गार पाण्यात. मग चाळणीत अगदी कोरड्या होईपर्यंत निथळत ठेवते. हे टाळू नका, ओल्या शेंगा तेलात परतल्या जात नाहीत, वाफवल्या जातात. खोबरेल तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, उभी चिरलेली मिरची. मोठ्या आचेवर दोन मिनिटं परतायचं. वरून ताजा खवलेला नारळ आणि चिमूटभर साखर. लिंबू ताटात वाढल्यावरच पिळा, कढईत आंबट पडलं की रंग पुन्हा उतरतो.

शेंगा अर्ध्याकच्च्या मात्र नकोत, कच्च्या फरसबीतलं लेक्टिन नावाचं प्रथिन पोटाला बाधतं. आणि ही भाजी शीत-हुमणाबरोबर, म्हणजे भात आणि माशाच्या आमटीबरोबर, खाऊन बघाच.