कॉलेजात सर तुम्हाला शोधत येणार नाहीत

शाळेत गृहपाठ राहिला की वहीत लाल शेरा आणि त्याखाली पालकांची सही. चार दिवस दांडी मारली की बाईंचा घरी फोन. कॉलेजात यातलं काहीच होत नाही, आणि पहिल्या सत्रात बरीच मुलं याचा अर्थ ‘इथं कोणी विचारत नाही’ असा लावून मोकळी होतात. विचारतात हो, पण सत्र संपता संपता, आणि तेही थेट नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हाजरी कमी भरलेल्यांची यादी लावून.

हाजरीचा हिशोब आधी करून ठेवा. 1 क्रेडिट म्हणजे थिअरीचे 15 तास किंवा प्रॅक्टिकलचे 30. म्हणजे 2 क्रेडिटच्या थिअरी विषयाला 30 तास. त्यात 75 टक्के हाजरी लागते, म्हणजे बुडवायला हातात फक्त 7. गणपतीत दहा दिवस गावी गेलात की त्यातले तीन-चार गेलेच. आजारपणाचं सर्टिफिकेट बरं झाल्याबरोबर द्या. लिस्ट लागल्यावर आणलेल्या सर्टिफिकेटकडे सगळेच संशयानं बघतात.

अकरावी-बारावी ज्यांनी नावाला कॉलेज आणि खरा अभ्यास क्लासमध्ये अशी काढली, त्यांना एफवायचा, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाचा धक्का जास्त बसतो. क्लासचे सर पोर्शन संपवून, नोट्स हातात देऊन, टेस्ट घेऊन मोकळे करतात. कॉलेजचे सर विषय उघडून दाखवतात, दोन संदर्भ पुस्तकं सांगतात आणि पुढच्या मुद्द्याकडे जातात. याला ‘सर नीट शिकवत नाहीत’ म्हणणं सोपं असतं. कधी कधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा पुस्तक उघडलेलंच नसतं.

सर भेटत नाहीत, ही दुसरी तक्रार. याचं कारण नव्या मुलांना कोणी सांगत नाही. पुण्यातल्या कितीतरी कॉलेजांत अनेक शिक्षक तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर असतात. त्यांना घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात. सकाळी शिवाजीनगरला दोन लेक्चर घेऊन दुपारी हडपसरच्या कॉलेजात पोचायचं असेल, तर ते स्टाफरूममध्ये बसणार कधी? अशा मॅडमना लेक्चर संपल्यावर दारातच गाठा आणि एकच प्रश्न विचारा. कायम शिक्षकांना मात्र स्टाफरूममध्ये, त्यांच्या मोकळ्या तासाला भेटता येतं. तो तास कोणता, हे डिपार्टमेंटबाहेर लावलेल्या टाइमटेबलवरून कळतं.

शंका कशी विचारायची, यावर बरंच अवलंबून आहे. ‘सर, हे चॅप्टरच कळलं नाही’ म्हटलं की सर म्हणणार, आधी वाचून या. त्याऐवजी वही उघडून ‘इथवर आलं, ही पायरी कशी आली ते कळत नाही’ असं बोट ठेवून दाखवा. पाच मिनिटांत काम होतं. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीच्या भीतीनं गप्प बसू नये. लेक्चर इंग्रजीत असलं तरी टेबलापाशी मराठीत विचारलेलं चालतं, उत्तरही बहुधा मराठीतच मिळतं.

मेसेज करायचा तर वर्गाच्या ग्रुपवर ‘सर उद्या लेक्चर आहे का’ असं टाकू नका, ते सीआरला, म्हणजे वर्गाच्या प्रतिनिधीला विचारा. सरांना वेगळा मेसेज करताना पहिल्याच ओळीत ओळख द्या: ‘नमस्कार सर, मी एफवायबीएस्सी, ब तुकडी, रोल नंबर 64.’ शंभरावर मुलांच्या वर्गात नुसत्या डीपीवरून कोणी ओळखत नाही. रात्री नऊनंतर मेसेज नको.

आता जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही. सायन्स आणि इंजिनिअरिंगच्या मुलांचे सरांशी सर्वांत जास्त खटके इथंच उडतात. प्रत्येक प्रॅक्टिकलनंतर रीडिंग दाखवून सही घ्यायची, पुढच्या आठवड्यात लिहून पूर्ण झालेल्या प्रयोगावर तारखेसह सही घ्यायची, आणि अनुक्रमणिकेतही. सत्राच्या शेवटी पहिल्या पानावरच्या सर्टिफिकेटवर विषयशिक्षक आणि विभागप्रमुखांची सही लागते. ती नसेल तर परीक्षेला बसायचे वांधे. सबमिशनच्या आठवड्यात दहा प्रयोग एकदम घेऊन गेलात, तर सर तारखा बघतात, मग ऑब्झर्व्हेशन टेबल बघतात. शेजाऱ्याचे आकडे दशांशापर्यंत तेच निघाले की ओरलला नेमका तोच प्रयोग विचारला जातो. दर आठवड्याला सही घेणाऱ्याचा चेहरा मात्र सरांच्या आपोआप लक्षात राहतो.

‘सर नाराज झाले तर इंटर्नल कापतील’ ही भीती जुनी आहे. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत साधारण 30 गुण अंतर्गत आणि 70 सत्राअखेरच्या परीक्षेला अशी विभागणी दिसते. फर्ग्युसनसारख्या स्वायत्त कॉलेजांचे नियम वेगळे असू शकतात, ते आपल्या कॉलेजचे बघा. अंतर्गत गुण जातात ते बहुतेक वेळा चुकलेल्या टेस्टमुळे आणि उशिरा दिलेल्या असाइनमेंटमुळे. तरी अन्याय झालाय असं वाटलं तर आधी त्याच सरांना पेपर दाखवायला सांगा, मग मेंटॉर किंवा जीएफएम (तुमच्या गटाचे पालक-शिक्षक), मग विभागप्रमुख. थेट प्राचार्यांकडे गेलात तर अर्ज फिरून परत विभागातच येतो. त्रास अपमानाचा, जातीवरून बोलण्याचा किंवा लैंगिक स्वरूपाचा असेल तर मात्र ही पायरी पाळत बसू नका. तक्रार निवारण समिती आणि अंतर्गत तक्रार समिती यांतल्या सदस्यांची नावं कॉलेजच्या वेबसाइटवर असतात, तिथं लेखी द्या आणि पोच घ्या.

पुढच्या शिक्षणाच्या अर्जासाठी शिफारसपत्र लागतं तिसऱ्या वर्षी, पण ते कोण देणार हे पहिल्या दोन वर्षांतच ठरत जातं. ज्यांनी तुमचा प्रोजेक्ट पाहिलाय किंवा दोन सत्रं शिकवलंय अशांनाच विचारा. विभागप्रमुखांच्या नावाला वजन असलं तरी त्यांना तुम्ही आठवत नसाल तर पत्र गुळमुळीतच होणार. शेवटच्या तारखेच्या तीन-चार आठवडे आधी सांगा. सोबत मार्कशीट, सीव्ही, प्रोजेक्टचं एक पान आणि विद्यापीठांची तारखांसह यादी द्या. परदेशी विद्यापीठं पत्र भरायची लिंक बहुधा थेट शिक्षकांच्या ईमेलवर पाठवतात आणि तिथं बऱ्याचदा कॉलेजचा अधिकृत ईमेल आयडी मागितला जातो. म्हणून सर सीएचबीवर असतील तर कॉलेज बदलण्याआधीच त्यांच्याशी बोलून ठेवा.