वांग्याच्या भावकीतली झाडं ओळखताना

नारायणगावच्या पट्ट्यात आमची रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची आणि वांगी ही आमची मुख्य रोपं, त्यामुळे माझा सगळा दिवस या एकाच कुळात जातो. सुरुवातीच्या एका हंगामात कोकोपीट कमी पडलं म्हणून मी ट्रेमध्ये चाळलेलं शेणखत मिसळलं. मिरचीची उगवण झकास दिसत होती. एका शेतकऱ्यानं रोपं नेली आणि महिन्याभरानं त्यांचा फोन आला, "ताई, काही झाडांना बारक्या पांढऱ्या फुलांचे झुबके आलेत, ही कसली मिरची?" शेतावर जाऊन बघते तर सरीत मधूनमधून कामोणी हे तण उभं. शेणखतातून कामोणीचं बी आलं होतं, आणि ज्या कप्प्यात मिरची उगवली नाही तिथं तिनं जागा धरली होती. रोपं बदलून दिली, पण त्यांचा महिना वाया गेला तो गेलाच. ती चूक माझी होती. त्यानंतर मी या भावकीतलं एकेक झाड हातात घेऊन नीट बघायला शिकले. तेच इथं लिहिते आहे.

भावकी मोठी आहे. वांगं, टोमॅटो, बटाटा, मिरची आणि तंबाखू ही शेतातली मंडळी. बांधावर आणि माळावर कामोणी, भुईरिंगणी, डोरली, चिरबोट, आसकंद म्हणजे अश्वगंधा, आणि धोतरा. दारातली रातराणीसुद्धा याच घरची. पानं बहुतेक एकाआड एक येतात, समोरासमोर जोडीनं नाही. फुलाच्या पाकळ्या पाच आणि बुडाशी एकमेकींना चिकटलेल्या. म्हणून फूल गळतं तेव्हा बहुधा अख्खंच गळतं. फळ आडवं कापलं की आत बहुतेकांच्या बऱ्याच चपट्या बिया.

फळाच्या रंगावर माझा भरवसा नाही. कच्ची असताना बहुतेक फळं हिरवीच असतात. मी आधी टोपी बघते, म्हणजे फळाच्या देठाशी राहणारा हिरवा भाग. वांग्याची टोपी जाड, मांसल, कधी काटेरी, आणि ती फळाला घट्ट धरून बसते. टोमॅटोची चांदणीसारखी पसरलेली. मिरचीची छोट्या वाटीसारखी, कडेला दाते जेमतेम. कामोणीची इवलीशी, पाच टोकांची. चिरबोटात ही टोपी फुगून कागदी कंदील होते आणि फळ तिच्या आत लपतं. धोतऱ्याची गंमत वेगळी. तिथं टोपी मधूनच तुटून पडते आणि बुडाचा भाग बोंडाखाली कॉलरसारखा राहतो. बोंडाचे काटे नीट कळत नसतील तरी ती कॉलर दिसली की ओळख पटते.

पण रोपवाटिकेत फळाची वाट कोण बघणार? तिथं पानावरच निर्णय घ्यावा लागतो. मिरचीची बीतून निघणारी पहिली दोन पानं, म्हणजे दलपत्रं, लांबट आणि टोकदार असतात, कामोणीची त्यापेक्षा बरीच लहान आणि अंड्याच्या आकाराची. चार पानांवर आलं की कडेवरून बोट फिरवा. मिरचीची कड सरळ, पान गुळगुळीत आणि चकचकीत. कामोणीची कड लाटांसारखी, बऱ्याचदा ओबडधोबड दाते असलेली, आणि पानावर बारीक लव. झाड फुलावर आलं की शंका उरतच नाही. मिरचीचं फूल फांदीच्या बेचक्यात, बहुतेक एकटं, मान खाली घालून असतं. कामोणीचा झुबका पानाच्या बगलेत नसतो, दोन पानांच्या मधल्या कांड्यातून थेट खोडावरून निघतो. एकदा हे पाहिलं की परत विसरत नाही.

वांग्याच्या पानाला मऊ लव असते. भिंगातून पाहिलं तर एकेक केस चांदणीसारखा फुटलेला दिसतो. टोमॅटोचं रोप नुसतं हात लावून ओळखू येतं, वास बोटांना चिकटून राहतो. बटाट्याच्या पानात मोठ्या पर्णिकांमध्ये, म्हणजे एका पानाच्या छोट्या पानांमध्ये, बारक्या पर्णिका येतात. फूल पांढरं किंवा जांभळट, टोमॅटोसारखं पिवळं नाही. बटाट्याच्या झाडाला कधी कधी हिरव्या टोमॅटोसारखी बारकी फळं धरतात. ती विषारी आहेत, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

वांग्याचं फूल सवडीनं बघा. मध्ये पाच पिवळ्या पुंकेसरांचा सुळका असतो आणि प्रत्येकाच्या टोकाला सुईनं पाडावं तसं भोक असतं. पराग तिथूनच बाहेर येतो. सकाळी काळा सुतारभुंगा फुलाला लटकून घूंऽऽ करतो, त्या थरथरीनं पिवळी पूड त्याच्या पोटावर सांडते. भुईरिंगणीचं निळं-जांभळं फूलही अगदी याच घडणीचं.

काटेवाल्यांत घोटाळा फार होतो. भुईरिंगणी जमिनीवर पसरते. पानाच्या मधल्या शिरेवर दोन्ही बाजूंनी पिवळे, सरळ, लांब काटे असतात. फळ गोटीएवढं, हिरव्यावर पांढरे पट्टे, पिकलं की पिवळं. डोरली उभी वाढते, फळं मटारापेक्षा जरा मोठी आणि पिकल्यावर नारिंगी. आयुर्वेदातल्या दशमुळांत, म्हणजे दहा मुळांच्या औषधात, दोघींचंही मूळ लागतं, म्हणून गोळा करणारे त्या वेगळ्या ठेवतात. तिसरं खरं रानवांगं. तेही काटेरी, पण फळ लिंबाच्या आसपास. आपलं वांगं त्याच्यापासूनच माणसानं निवडत निवडत घडवलं.

कंदीलवाल्यांत चिरबोट आणि आसकंद. चिरबोटाचा कंदील एकेकटा लोंबतो, फूल फिकट पिवळं. बाजारातली रसभरी त्याचीच थोरली बहीण. आसकंदाचे कंदील बारके, पानाच्या बगलेत घोळक्यानं येतात, आत लाल फळ, आणि सगळं झाड राख फासल्यासारखं करडं. कपाळफोडीलाही फुगे असतात, पण ती वेल आहे, तिला तणावे आहेत आणि तिच्या काळ्या बीवर पत्त्यांतल्या बदामासारखी पांढरी खूण असते. ती या भावकीतली नाही.

धोतऱ्याबाबत मात्र डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं. पान मोठं, बुडाशी दोन्ही बाजू असमान, फूल भोंग्यासारखं. कोवळं रोप पालेभाजीत मिसळलं तर पटकन कळत नाही. पान चुरगळलं की उग्र, नकोसा वास येतो. बियांचा धोका त्याहून मोठा. धोतऱ्याचं बी आणि मिरचीचं बी यांतला फरक आपल्याकडे न्यायवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम शिकवतात, कारण वाटसरूंना धोतरा घालून लुटण्याचे प्रकार या देशात होऊन गेलेत. मिरचीचं बी पातळ, गोलसर, गुळगुळीत, फिकट पिवळं. धोतऱ्याचं जाड, मूत्रपिंडाच्या आकाराचं, तपकिरी, अंगावर खड्डे. चव घेऊन खात्री करू नका.

कामोणीवर माझा जीव आहे म्हणून तिची बाजू मांडते. मोबाइलवर बेलाडोना या विषारी झाडाचं चित्र बघून लोक ती उपटून टाकतात. बेलाडोना युरोपातली, तिची एक जवळची नातलग काश्मीरकडे हिमालयात आहे, आपल्या बांधावर ती येत नाही. बेलाडोनाचं फळ एकेकटं, चेरीएवढं, खाली पानांसारखी मोठी पाचटोकी टोपी, आणि फूल मळकट जांभळी घंटा. कामोणीची फळं मटारापेक्षा लहान, झुबक्यात, पिकल्यावर काळी-जांभळी किंवा नारिंगी. माझ्या सासूबाई तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतात, पण पाला उकळून ते पाणी आधी फेकून देतात. हिरवं फळ त्या कोणालाच खाऊ देत नाहीत, आणि ते बरोबर आहे, कच्च्या फळात विष असतं. तुम्हाला ओळखीची खात्री नसेल तर जाणत्या माणसानं झाड समोर दाखवल्याशिवाय काहीही तोंडात घालू नका.

आणि कोणी धोतरा खाल्ला असं वाटलं, तोंड कोरडं पडलं, चेहरा लाल झाला, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, माणूस बरळायला लागला, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, तडक दवाखाना गाठा. झाडाची फांदी, फुला-बोंडासकट, पिशवीत घालून सोबत न्या.