जीवशास्त्र शिकवायला थ्रीडी छपाई आणि व्हीआर वापरताय? मग या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे डाव्या पिळाचा डीएनए. फाइल स्लायसरमध्ये (प्रिंटरसाठी मॉडेलचे थर पाडणारं सॉफ्टवेअर) घेतली, बेडवर, म्हणजे प्रिंटरच्या पाटावर, नीट बसेना म्हणून इकडं तिकडं फिरवताना मिरर (आरशातल्यासारखं उलटं करायचं बटण) दाबलं गेलं, झालं काम. माझ्याकडूनच झालंय हे, दोन महिने तेच मॉडेल टेबलावर मिरवत होतो, शेवटी एका पोरीनं विचारलं, "सर, पुस्तकात उलटं आहे की ओ." आपल्या पेशीतला नेहमीचा डीएनए उजव्या पिळाचा. तपासायचं असेल तर आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही वर्कशॉपमधला साधा बोल्ट आणा आणि मॉडेलशेजारी उभा धरा, समोरचे आटे डावीकडून उजवीकडं चढत जातात, डीएनएपण तसाच चढला पाहिजे. आणि मॉडेल उलटं ठेवल्यामुळं तसं दिसतंय म्हणू नका, खाली डोकं वर पाय केलं तरी पीळ बदलत नाही. परत छापा.

दुसरं मापाचं. पेशीच्या मॉडेलमध्ये रायबोसोम वाटाण्याएवढा आणि शेजारी मायटोकॉन्ड्रिया बोटाएवढा, मग पोरं तेच डोक्यात घेऊन बसतात. 1 मायक्रॉन जाडीचा मायटोकॉन्ड्रिया 10 सेंमी धरला तर रायबोसोम जेमतेम अडीच मिमी, म्हणजे टपोऱ्या मोहरीएवढा, आणि लाल रक्तपेशी पाऊण मीटर, लग्नाच्या स्वयंपाकातली परातच बघा. मोहरी आणि परात वर्गात नेऊन दाखवा, खर्च शून्य.

हृदयाचं मॉडेल पोरांकडं तोंड करून धरलं की डावा कप्पा त्यांच्या उजव्या हाताला येतो, ते आधी सांगा. निळा रंग फक्त ओळखायला, रक्त निळं नसतं.

आता आपल्या भागातली अडचण. खानापूरकडच्या पावसात पीएलएचं (छपाईच्या प्लास्टिक तारेचं) रीळ उघडं ठेवलं की ओल धरतं, मग छापताना नोझलमधून, म्हणजे प्लास्टिक बाहेर पडतं त्या तोंडातून, तडतड आवाज आणि मॉडेलवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. लोक सेटिंग बदलत बसतात, दोष रिळाचा असतो! ड्रायरमध्ये 45-50 अंशाला पाच-सहा तास वाळवा, नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. उन्हाळ्यात उलटं, बंद गाडीत काचेजवळ मॉडेल ठेवू नका, 60 अंशाच्या आसपास पीएलए मऊ पडतं.

व्हीआरमध्ये (डोळ्यांवर फोनचा हेडसेट लावून बघताना) मान वळवली तरी चित्र हलत नसेल तर ॲपला शिव्या घालण्याआधी फोनमध्ये जायरोस्कोप (फोन वळला की ओळखणारा सेन्सर) आहे का बघा, स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये नसतो. एखाद्याला गरगरलं तर हेडसेट लगेच काढा, त्याला तेच स्क्रीनवर दाखवा.